मातीच्या तटाचे किताओ-सान

काँक्रीटचा किल्ला समोर आला की किताओ-सान त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. अगदी ताठ, हात मागे बांधून. शेजारच्या गावात असा एक किल्ला होता, पांढराशुभ्र, चार मजली, आत लिफ्ट. पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या तेव्हा त्यांना दाखवायला आम्ही तिकडे गेलो. किताओ-सानही बरोबर होते. आम्ही वर जाऊन तळ्याचे फोटो काढून खाली येईपर्यंत ते बाहेरच्या बाकावर उलटे बसून होते, तोंड झुडपांकडे करून. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं.

"मी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "ही बिल्डिंग आहे. बिल्डिंगा मी पुष्कळ पाहिल्यात."

"मग किल्ला कुठे आहे?"

त्यांनी झुडपांकडे बोट केलं. तिथे बांबू माजलेला एक मातीचा उंचवटा होता. त्याच्यापुढे शीतपेयाचं यंत्र ठेवलं होतं आणि उंचवट्याच्या पोटात यंत्रापुरता खड्डा खणला होता. किताओ-सान तो खड्डा बघत बसले होते.

आम्ही तेव्हा बिवा तळ्याकाठी राहत होतो. मकरंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची कंपनी ओसाकात. पण तिथल्या खुराड्यात मी राहणार नाही असं मी पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं, म्हणून तासाभराच्या ट्रेनवर तळ्याकाठी एका लहानशा गावात घर घेतलं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या गावकचेरीची जाहिरात माझ्या हातून व्हायची नाही, एवढंच. किताओ-सान आमचे शेजारी. वय पंचाहत्तरीच्या आसपास, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सर्व्हेअर म्हणून सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. तळ्याभोवतीचे मध्ययुगातले किल्ले मोजणं आणि त्यांचे नकाशे काढणं, याखेरीज त्यांना दुसरं काही सुचत नसे.

किल्ले म्हणजे शेकडो. राजधानी क्योतो डोंगरापलीकडे, तिकडे जाणारा प्रत्येक रस्ता तळं आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाणार, तांदूळ तळ्यातून नावांनी जाणार. त्यामुळे प्रत्येक गावच्या पाटलाने आपापल्या घराभोवती मातीचा तट उभारला, खंदक खणला, आणि पळून जायला मागच्या डोंगरावर आणखी एक किल्ला केला. दगड नाही, मनोरा नाही, सगळी माती. किताओ-सान सांगायचे की तळ्याच्या बाजूचा तट नेहमी बुटका असतो आणि गावाच्या बाजूचा उंच. "त्यांना पाण्याची भीती नव्हती. शेजाऱ्यांची होती."

मी पुण्याची, लहानपणापासून सह्याद्रीतले किल्ले चढलेली. किल्ल्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा एक तोरा होता. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर डोंगरावर गेले ती डिसेंबरात. पाऊण तास झाडीतून चढलो, एका घळीत उतरलो, हातापायांवर वर आलो, आणि ते म्हणाले, "पोचलो."

मी इकडेतिकडे पाहिलं. झाडं, नेचे, ओला पालापाचोळा. "कुठे पोचलो?"

"किल्ल्यात."

"दगड कुठेयत?"

"नव्हतेच."

"दरवाजा?"

"लाकडाचा होता. कुजला."

"मग बघायचं काय?" मी खरंच चिडले होते. एवढं चढवून आणलं आणि दाखवलं काय, तर माती.

ते शांतपणे म्हणाले, "आत्ता त्या घळीतून वर येताना तुम्हाला दम लागला?"

"लागला."

"वरून कुणी भाला मारत असता तर?"

मी वळून त्या घळीत वाकून पाहिलं. "म्हणजे किल्ला अजून चालू आहे," असं म्हणून त्यांनी पेन्सिल काढली. ती घळ नव्हतीच, हाताने खणलेला खंदक होता. एकदा हे दिसायला लागलं की मग थांबत नाही. मला देवळामागे, शाळेच्या मैदानाच्या कडेला, कुणाच्या परसात, जिकडेतिकडे तट दिसायला लागले. मकरंद म्हणायचा, "तू आता चालताना पुढे बघत जा जरा."

त्यांचा मोसम डिसेंबर ते मार्च. पानं गळल्याशिवाय जमिनीचा उतार दिसत नाही, आणि तेव्हा साप आणि अस्वलंही झोपलेली असतात. तरी कमरेला अस्वलांसाठीची घंटा बांधलेली असायचीच. ती काढायला विसरून ते सुपरमार्केटात शिरायचे, आणि किताओ-सान आता तोफूच्या कपाटापाशी आहेत हे सगळ्या दुकानाला कळायचं. मोजायचे ते पावलांनी. म्हातारपणी पाऊल आखूड होतं, म्हणून दर नव्या वर्षी अंगणात टेप अंथरून आपलं पाऊल मोजायचे आणि त्या वर्षीच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचे, "यंदाचं पाऊल इतकं." त्यांच्या या एका सवयीपुढे मी हात टेकले होते. मी आपली सहज म्हणायचे, "आज काय थंडी आहे," तर हे लगेच, "मोजलीत का?"

गावचा आमचा किल्ला तळ्याकाठीच होता. चौकोनी, एकेकाळी खंदकात तळ्याचं पाणी खेळायचं आणि नावा थेट आत यायच्या. आता त्याची फक्त पूर्वेची बाजू उरली होती, साठ-सत्तर पावलं लांब, दोन माणसं उंच. बाकी तिन्हीकडे सरळ रेषेत आखलेली भातखाचरं. दर शनिवारी सकाळी किताओ-सान कोयता घेऊन तटावरचा बांबू तोडायला जायचे, कारण बांबूची मुळं माती फोडतात. मीही जायला लागले. एकदा तोडता तोडता मी वैतागून म्हणाले, "बाकीच्या तीन बाजू कुठल्या नालायकाने पाडल्या हो?"

त्यांनी दोन बांबू तोडले. तिसरा तोडला आणि म्हणाले, "मी."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांना चेष्टा येत नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी भातशेतं सरळ करायची सरकारी योजना आली होती. वाकडी खाचरं सरळ झाली की यंत्रं आत जातात. खुंट्या ठोकायचं काम त्यांच्याकडे होतं. "सगळे खूश होते. माझे वडीलही. आमचं शेत त्यात होतं. नकाशात या तटाच्या जागी 'पडीक' असं लिहिलंय. ते अक्षर माझं आहे. लावणीचे दिवस आले आणि काम थांबलं, म्हणून पूर्वेची बाजू वाचली." मग त्यांनी तोडलेल्या बांबूंची मोळी बांधली. तो उरलेला तट त्यांच्यासाठी काय होता, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीचे सगळे किल्ले ते मोजायचे. हा एक सांभाळायचे.

आता मी जे सांगणार आहे ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि त्यातली अर्धी आग माझी माझ्यावरच आहे.

जपानमध्ये गल्लीगल्लीत एक फिरता फळा असतो. म्हणजे पुठ्ठ्याची फाईल, तिला सूचनांचे कागद अडकवलेले. कचऱ्याचे दिवस, शाळेची जत्रा, पाणी बंद वगैरे. ती एका घरून दुसऱ्या घरी जाते. आपण वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजाऱ्याच्या दारात ठेवायची. सहीच्या जागी इथे शिक्का चालतो, आमच्या रानडे आडनावाचाही मी करून घेतला होता. हिवाळ्यात किताओ-सान दोन-दोन दिवस डोंगरात असायचे आणि फाईल त्यांच्या दारात पडून राहायची. गल्लीच्या प्रमुखबाई कुरकुर करायच्या. म्हणून त्यांनी आपला एक साधा शिक्का माझ्याकडे देऊन ठेवला होता. "रानडे-सान, माझाही मारा आणि पुढे सरकवा." तीन हिवाळे मी तेच करत होते.

फेब्रुवारीत फाईल आली. वर कचऱ्याचं नवं वेळापत्रक, ते मी नीट वाचलं, कारण प्लॅस्टिकचा वार बदलला होता. त्याखाली कचेरीचा एक दाट कागद होता, सगळा अवघड लिपीत. मला बोलता चांगलं यायचं, वाचता जेमतेम. वर किल्ल्याचं चिन्ह पाहून मला वाटलं, कसली तरी जत्रा असेल. मी माझा शिक्का मारला, किताओंचा मारला, आणि फाईल पलीकडच्या घरी देऊन आले. मग चहा टाकला.

त्या कागदात लिहिलं होतं ते असं. टीव्हीवरच्या कुठल्याशा सामुराई मालिकेत आमच्या गावाचा उल्लेख दोनदा आला होता, आणि त्या भांडवलावर कचेरी गावात किल्ला बांधणार होती. किल्ला असलेल्या गावात. तीन मजली काँक्रीटचा मनोरा, जिथे मनोरा कधीच नव्हता तिथे. मनोरा पाहायला माणसं येणार, माणसांबरोबर गाड्या येणार, गाड्यांना जागा लागणार, आणि त्या जागेसाठी पूर्वेचा तट काढणार. खोटा किल्ला पाहायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी खरा किल्ला पाडायचा, हे कुणीतरी टेबलाशी बसून शांत डोक्याने लिहिलं होतं, आणि चार वरिष्ठांनी त्यावर शिक्के मारले होते. खाली एक ओळ होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी महिनाअखेर कळवावं. फाईल फिरून आली आणि हरकत नसली, तर गल्लीची संमती आहे असं धरलं जाईल.

किताओ-सानना हे कळलं मार्चमध्ये, जेव्हा त्यांनी तटावर लाल फिती बांधलेल्या खुंट्या पाहिल्या. ते माझ्या दारात आले नाहीत. थेट कचेरीत गेले. तिथे सांगितलं की माहिती देण्याची सभा अजून व्हायची आहे, तेव्हा बोला.

सभा गावच्या हॉलमध्ये झाली. बूट बाहेर, घडीच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात चहाची बाटली. गल्लीतले वीसेक लोक. कचेरीतून आलेला अधिकारी तिशीचा, जाकिटावर गावाचं कार्टून. भलता नम्र. तो नम्रपणा आठवला तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते, कारण शिवीगाळ केली असती तर उलट शिवी देता आली असती. त्याने पडद्यावर मनोरा दाखवला, झाडं दाखवली, हसणारी कुटुंबं दाखवली. म्हणाला, तट काढण्याआधी त्याची संपूर्ण नोंद करू, "नोंद करून जतन" असा शब्द आहे आमच्याकडे. म्हणजे घरातली तांब्याची भांडी मोडीत घालायची आणि त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा. इथे सभेत कुणी बोलत नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं.

किताओ-सान उठले. त्यांनी आपले नकाशे आणले होते, पण उघडले नाहीत. म्हणाले, "गाड्या गावाच्या दक्षिणेच्या रिकाम्या जागेत लावता येतील. पूर्वेचा तट ठेवा. तेवढीच विनंती आहे."

अधिकाऱ्याने कागद चाळले. मग फार दिलगीर चेहरा करून म्हणाला, "किताओ-सान, तुमच्या गल्लीची संमती आलेली आहे. इथे तुमचाही शिक्का आहे." आणि त्याने तो कागद सगळ्यांना दिसेल असा धरला.

मी मागच्या रांगेत होते. लांबूनही तो लाल गोल ओळखला मी. मीच मारला होता, जरासा तिरका. मला उठायचं होतं. ओरडून सांगायचं होतं की हा त्यांनी मारलेला नाही, मी मारलाय, न वाचता, मूर्खासारखा. पण तोंडातून जपानी फुटेना, मराठीही फुटेना. लोक किताओंकडे वळून बघत होते. ज्या माणसाने आयुष्य त्या मातीत घातलं, त्यानेच संमती दिली, आणि आता भांडायला उभा राहिलाय, असं त्या नजरांत होतं.

किताओ-सान कागदाकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. कळायला एक क्षणही लागला नसेल. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"शिक्का माझाच आहे," ते म्हणाले. "वाचायला हवं होतं. चूक माझी." आणि कमरेत वाकले.

त्यानंतर सभा दहा मिनिटांत संपली.

बाहेर सायकलींपाशी मी त्यांना गाठलं. मी रडत होते, रागाने. "का नाही सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

ते सायकलचं कुलूप काढत होते. "तुमचं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले असते, परदेशी बाईंना वाचता आलं नाही, त्यामुळे घोटाळा झाला. उद्या पेपरात तेच आलं असतं. कुणाचीच चूक नाही, एका परदेशी बाईंची." मग प्रथमच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला, तोही थोडासाच. "तट मी पाडत नाहीये. तुम्हीही पाडत नाहीयात. ते पाडतायत. ते तुमच्या अंगावर ढकलून मी त्यांना का मोकळं करू?"

माझ्याच्याने राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेले. रात्रभर वाक्यं पाठ केली होती. खिडकीवरच्या बाईंना म्हणाले, किताओ-सानांचा शिक्का मी मारला, त्यांना तो कागद दिसलाही नाही, ती संमती खोटी आहे, रद्द करा. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. आत जाऊन विचारून आल्या. म्हणाल्या, "घराचा शिक्का आहे ना, मग ठीक आहे. मारला कोणी ते आम्ही बघत नाही."

मी म्हटलं, "पण त्यांची हरकत आहे. काल त्यांनी तुमच्यासमोर उभं राहून सांगितलंय."

"ती मुदतीनंतर आली," बाई म्हणाल्या, आणि मला उन्हाळी सणाचं एक पत्रक दिलं. त्या पत्रकावरही मनोरा होता, अजून न बांधलेला.

मला वाटलं होतं की मी गुन्हेगार आहे, मला कुणीतरी जाब विचारेल. जाब विचारायलाही तिथे कुणी नव्हतं. ते कोणी वाचलं, कोणाला समजलं, कोणाला हवंय, यातलं काहीच त्यांना नको होतं. गोल लाल ठसा हवा होता, तो त्यांना मिळाला. मी ते पत्रक त्यांच्यासमोर फाडलं. जपानमधल्या माझ्या सहा वर्षांतला तेवढाच एक असभ्यपणा, आणि तो कमी पडला असं मला अजून वाटतं.

तट काढायला मे महिन्यात एक दिवस पुरला. जे लोकांनी टोपल्यांनी रचलं, ते यंत्राने जेवणाच्या सुट्टीआधी अर्धं खाल्लं. किताओ-सान दोरीच्या या बाजूला उभे होते. कापलेल्या मातीत काळे-पिवळे थर दिसत होते, एकावर एक ठोकून बसवलेले. ते थर ते पेन्सिलीने उतरवून घेत होते, आणि यंत्राचा चालक तेवढ्यापुरता थांबत होता, मग आणखी एक थर कापत होता. त्या चालकाला माझा एक मनापासून नमस्कार. सगळ्या प्रकरणात माणसासारखा वागलेला तो एकटा.

पुढच्या वर्षी मकरंदचं काम टोकियोला गेलं आणि आम्ही तिथल्या भारतीयांच्या वस्तीत, निशी-कसाईला निघालो. निघायच्या दिवशी सकाळी मी किताओ-सानांचा निरोप घेतला. त्यांनी मला आमच्या गावच्या किल्ल्याचा नकाशा दिला, चारही बाजू काढलेला. मी पुन्हा एकदा क्षमा मागायला लागले तर म्हणाले, "ट्रेन चुकेल."

बस स्टॉप नव्या पार्किंगच्या समोरच होता. रविवार, मनोरा उघडून दोनच आठवडे झालेले, गाड्यांची रांग. मी सामान घेऊन उभी होते तर किताओ-सान आत दिसले. काळा सूट, टाय. मला वाटलं, पाहुणे म्हणून बोलावलं की काय यांना. पण ते गाडीगाडीपाशी जात होते. गाडी थांबली, माणसं उतरली, की हे समोर जाऊन वाकायचे आणि सांगायचे. रस्त्यापलीकडूनही मला ऐकू येत होतं, "माफ करा. तुमची गाडी किल्ल्याच्या तटावर उभी आहे."

कुणी हसून पुढे गेलं. दोघींनी त्यांच्याबरोबर फोटो काढला, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. एकाने शौचालय विचारलं, तेही त्यांनी नीट दाखवलं. गार्ड आला, त्यांच्याशी काहीतरी बोलला. हे त्यालाही वाकून नमस्कार करून पुढच्या गाडीकडे.

मग एका छोट्या पांढऱ्या गाडीतून काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काहीतरी विचारलं, किताओ-सानांनी हात करून या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवलं. बाई खाली डांबराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गाडीची काच ठोठावली आणि आत बसलेल्या मुलाला काही सांगितलं. तो वाद घालताना दिसत होता. बाई हलल्या नाहीत. शेवटी त्याने गाडी मागे घेतली आणि समोरच्या ओळीत नेऊन लावली.

समोरच्या ओळीखालीही किल्लाच होता. पण तिथे तट नव्हता, आतलं अंगण होतं. तेवढी सवलत किताओ-सानांनी दिली असावी.

माझी बस आली. खिडकीतून पाहिलं तर गार्ड पुन्हा त्यांच्या दिशेने निघाला होता. किताओ-सान त्या रिकाम्या झालेल्या जागेच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते, आणि आत येऊ पाहणाऱ्या लाल गाडीला हाताने पुढची जागा दाखवत होते.